साताऱ्यातल्या गच्चीवर सोलर पॅनेलचं तोंड कुठे करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : साताऱ्यात पूर्वेकडे तोंड असलेलं घर, स्लॅबची गच्ची, तीन किलोवॅटचं सोलर बसवायचंय आणि दक्षिणेला शेजाऱ्यांचं घर एक मजला उंच. एक सोलरवाला म्हणतो, दक्षिणच पाहिजे, त्यासाठी उंच स्ट्रक्चर घ्या. दुसरा म्हणतो, पूर्व-पश्चिमही चालेल. कुणाचं ऐकावं?

दिशा दक्षिणच चांगली, पण आपल्या भागात दिशेपेक्षा सावली जास्त नुकसान करते. म्हणून पैसे मोजायच्या आधी सावली मोजा. हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलोय.

मी सांगलीचा. आमच्या गच्चीवर 540 वॅटची सहा पॅनेलं आहेत. एप्रिलमध्ये बसवली. बसवणाऱ्यांनी होकायंत्र लावून अगदी नाकासमोर दक्षिण साधली होती आणि मीही खूश होतो. दिवाळीनंतर मात्र सकाळची युनिटं कमी यायला लागली. थंडीत ऊनच कमी, असं मी धरून चाललो. संक्रांतीसाठी तीळ धुऊन वाळत घालायला आई सकाळी गच्चीवर गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अरे, टाकीची सावली तुझ्या पॅनेलवर बसलीय बघ." वर जाऊन बघतो तर आग्नेयेच्या टाकीची सावली तिरकी येऊन दोन पॅनेलांच्या कोपऱ्यांवर पडलेली. एप्रिलमध्ये हीच सावली पॅनेलांच्या जवळही येत नव्हती. पुढे ती दोन पॅनेलं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. त्याचा खर्च मलाच करावा लागला.

दिशेमागचं कारण तुम्हाला घरातच दिसेल. दिवाळीनंतर दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आत-आत येत जातं आणि उन्हाळ्यात तीच खिडकी दुपारी कोरडी राहते. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेला कलतो. साताऱ्यात 21 डिसेंबरला ऐन दुपारी तो क्षितिजापासून साधारण 49 अंशांवर असतो. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो. पण त्यातले निम्मे-अधिक दिवस पावसाचे आणि ढगांचे असतात, आणि सूर्य इतका वर असतो की दक्षिणेकडे थोडं झुकलेलं पॅनेलही त्याला व्यवस्थित पाहतं. वर्षाचा हिशोब म्हणून दक्षिणेच्या बाजूनं जातो.

हा फायदा मोठा नसतो, हे मात्र सोलरवाले सहसा सांगत नाहीत. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. पॅनेल दहा-पंधरा अंशांच्या उतारावर असेल, तर दक्षिणेऐवजी पूर्वेला किंवा पश्चिमेला केल्यानं वर्षभरात शंभर युनिटांमागे साधारण पाच-सहा युनिटं कमी मिळतात. उत्तरेला केलं तर दहा-बारा, आणि उतार वाढवला तर आणखी. घर रस्त्यामुळे वाकडं बसलं असेल आणि कठडा दक्षिणेपासून वीस-तीस अंश फिरलेला असेल, तर पॅनेलं बिनधास्त कठड्याला समांतर लावा. त्यानं शंभरातलं एखादं युनिट कमी होईल, पण जागा नीट वापरली जाईल.

तुमच्या दोन सोलरवाल्यांपैकी दुसरा, म्हणजे पूर्व-पश्चिमवाला, अगदी चुकीचं सांगत नाहीये. फक्त त्याला एक विचारा : इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी, म्हणजे पॅनेलांचे दोन गट वेगवेगळे सांभाळणारे भाग, आहेत का? अर्धी पॅनेलं पूर्वेला आणि अर्धी पश्चिमेला तोंड करून एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या एकाच माळेत, ओवली, तर ज्या बाजूला ऊन कमी ती दुसऱ्या बाजूलाही मागे खेचते. दोन्ही बाजूंना आपापली स्ट्रिंग हवी.

पूर्व की पश्चिम असं एकच निवडायचं झालं, तर साताऱ्यासाठी मी पूर्व घेईन. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, यवतेश्वरच्या डोंगराआड सूर्य लवकर जातो, आणि दुपारी तापलेलं पॅनेल वीजही कमी देतं. पॅनेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यानं घटते, आणि उन्हाळ्यात काच साठ अंशांच्याही पुढे तापते. म्हणूनच पॅनेल स्लॅबला चिकटवून लावू नये, खालून वारा खेळायला हवा.

उताराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. उतार साधारण अक्षांशाएवढा ठेवतात. साताऱ्याला 17-18 अंश, पण पंधरावरही काही बिघडत नाही. यूट्यूबवर तीस-पस्तीस अंश सांगतात ते बहुतेक युरोप-अमेरिकेचे आकडे असतात, आणि ऑस्ट्रेलियातला माणूस तर उत्तरेकडे तोंड करा म्हणतो. त्यांच्यासाठी तेच बरोबर आहे. आपल्याकडे दहा अंशांच्या खाली मात्र जाऊ नका. पावसाचं पाणी खालच्या चौकटीपाशी साचतं, ते वाळलं की धुळीची जाड रेघ उरते आणि नेमक्या खालच्या ओळीतल्या सेल झाकते.

आता शेजाऱ्यांच्या घराकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. त्यांचा कठडा तुमच्या पॅनेलांच्या पातळीपेक्षा दहा फूट उंच असेल, तर 21 डिसेंबरच्या सुमाराला दुपारी त्याची सावली उत्तरेकडे साधारण नऊ फूट पडेल. दुपार म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास. सकाळी नऊला त्याच उंचीची सावली बावीस-तेवीस फूट लांब होते, पण ती तिरकी, वायव्येकडे जाते. सरळ उत्तरेकडे मोजलं तर तेरा-चौदा फूटच भरतं. म्हणजे त्यांच्या भिंतीपासून पंधरा फूट सोडून पॅनेलं लावता आली तर त्या घराची भीती नाही, आणि उंच स्ट्रक्चरवर पैसे घालायचीही गरज नाही. जागाच तेवढी नसेल तर स्ट्रक्चर उंच करण्यात अर्थ आहे, कारण पॅनेल जितकं वर जाईल तितका कठडा ठेंगणा ठरतो. पण उंच स्ट्रक्चरवर वाऱ्याचा जोर जास्त येतो, तेव्हा पाये आणि बोल्ट बघून घ्या. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायचे असतील तर उंचावरच्या पॅनेलांखालची जागा मोकळी राहते, हा मात्र फायदा आहे. पण पॅनेलांखाली ऊन नसतं, वाळवण बाजूलाच घालावं लागेल.

थोड्याशा सावलीनं काय होतं, असं वाटू शकतं. मलाही वाटलं होतं. स्ट्रिंगमधली पॅनेलं माळेतल्या मण्यांसारखी एकामागोमाग जोडलेली असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनेलचा कोपरा झाकला की तो भाग सगळ्यांची वाट अडवतो. पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, सहसा तीन, ते झाकलेला तिसरा हिस्सा वगळून प्रवाह पुढे जाऊ देतात. म्हणजे हातभर सावलीनं पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद होतो. टाकी, जिन्यावरची खोली, डिशची छत्री, नारळ, हे सगळं पॅनेलांच्या उत्तरेला राहील असं बघा.

मोजायची पद्धत साधी आहे. डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा, खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सगळ्या सावल्यांच्या कडा स्लॅबवर आखा. जो भाग तिन्ही वेळा कोरा राहिला तिथे पॅनेलं. दिशा बघायला मोबाइलचं होकायंत्र पुरतं, फक्त लोखंडी पाइपापासून आणि स्लॅबपासून जरा दूर, छातीच्या उंचीवर धरून बघा, नाहीतर सळ्यांमुळे काटा फिरतो. आपल्या भागात होकायंत्राचं दक्षिण आणि खरं दक्षिण यांत नगण्य फरक आहे.

डिसेंबरपर्यंत थांबता येत नसेल तर शेजाऱ्यांच्या कठड्याची तुमच्या स्लॅबपासूनची उंची, भिंतीपासूनचं अंतर आणि तुमच्या गच्चीची लांबी-रुंदी फुटात मोजून इथेच लिहा. टाकी कोणत्या कोपऱ्यात आहे तेही सांगा. मी आकृती काढून सावली कुठवर येते ते कळवतो.