सर्व तपासण्या नॉर्मल असूनही तणावाच्या काळात अंधुक दिसू शकते का?

होय, डोळ्यांच्या तपासण्या नॉर्मल असतानाही मानसिक ताणामुळे अंधुक दिसू शकते, आणि तो त्रास खराच असतो. रुग्ण सोंग करत आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ताणाच्या क्षणी बाहुल्या विस्फारतात आणि जवळचे पाहताना भिंगाला आकार देणारा स्नायू सैलावतो, त्यामुळे मोबाइलवरची अक्षरे पुसट होतात. घाबरून श्वास भराभर घेतला गेला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात व डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी डोळा निरोगी असूनही मेंदूच्या कामकाजातच गडबड होते. याला कार्यात्मक दृष्टिदोष म्हणतात. त्याची एक खूण फार बोलकी आहे: तपासणीच्या फलकापासून दुप्पट अंतरावर बसवले, की दिसणाऱ्या भागाचा व्यासही दुप्पट व्हायला हवा, पण अशा काही रुग्णांना तो तेवढाच दिसतो, जणू ते नळीतून पाहत आहेत. मात्र सेंट्रल सीरस रेटिनोपॅथी हा विकार आधी वगळायला हवा. त्याचा संबंध ताणाशी आणि स्टेरॉइड औषधांशी जोडला जातो. त्यात दृष्टिपटलाखाली द्रव साठून सरळ रेघा वाकड्या दिसतात आणि तो द्रव ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र काढणाऱ्या) तपासणीत स्पष्ट दिसतो. ही तपासणी झाली नसेल, तर जरूर करून घ्यावी. अचानक लखलखाट, काळे ठिपके किंवा पडदा ओढल्यासारखी सावली दिसली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.