जड गिटार जास्त वेळ घुमते का?

नौपाड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर गिटार ठेवता ठेवताच बरेच जण विचारतात, "जड आहे, म्हणजे चांगली ना?" या वेळी वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्नही वजनाचेच आहेत, म्हणून ते एकत्र घेतो.

माझ्याकडे दोन इलेक्ट्रिक गिटार आहेत. लेस पॉल धाटणीची 4.3 किलोची, स्ट्रॅट धाटणीची 3.2 किलोची. जड गिटारवर सूर नक्कीच जास्त वेळ टिकतो. दुकानदारही म्हणाला, वजन म्हणजेच सस्टेन. हे खरं आहे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण त्याचं श्रेय वजनाला देऊ नका. या दोन गिटारांत वजनाखेरीज जवळजवळ सगळंच वेगळं आहे. स्ट्रॅटचा ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग, इथे हलता) मागच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. तार हलली की तोही किंचित हलतो आणि तिची ऊर्जा खातो. लेस पॉलचा ब्रिज लाकडात घट्ट बसवलेला असतो. स्ट्रॅटची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, 648 मिमी, लेस पॉलची साधारण 628 मिमी. शिवाय लेस पॉलवर 1957 पासून हंबकर जातीचे पिकअप (तारेची हालचाल टिपणारी चुंबकं) आले. त्यांच्या दोन कॉइलमुळे सिग्नल जोरकस येतो, ॲम्प (ॲम्प्लिफायर) लवकर आपल्या मर्यादेला पोचतो आणि विरत चाललेला सूरही कानाला मोठा वाटत राहतो.

आता मूळ मुद्दा. छेडलेल्या तारेतली ऊर्जा तीन वाटांनी जाते: हवेत, तारेच्या आतल्या घर्षणात, आणि दोन्ही टोकांतून लाकडात. टोकं जितकी अचल, तितकी आस लांब. तानपुऱ्याच्या बाबतीत आपण ज्याला आस म्हणतो, तेच हे सस्टेन. ज्याच्या नावाने ही गिटार ओळखली जाते त्या लेस पॉल या वादकाने तरुणपणी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणून पाहिली होती आणि ती कितीतरी वेळ घुमत राहिली. पुढे 1940 च्या सुमारास त्याने पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर गिटार बांधली. दुकानदाराची समजूत अशाच गोष्टींतून आलेली आहे, आणि रुळापुरती ती बरोबरही आहे.

पण रूळ दोन्ही टोकांना सारखाच ठाम असतो, गिटार नसते. तारेचं एक टोक ब्रिजवर असतं, त्याखाली साडेचार सेंटिमीटर जाडीचं लाकूड. दुसरं टोक नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, आणि तिथे लाकूड जेमतेम दोन सेंटिमीटर. सातव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोट दाबलंत की तारेचं टोक तिथे आलं. गळती मुख्यतः तिथूनच होते. ब्रिजखालचं लाकूड दोन किलोचं असो की तीन, ती बाजू दोन्ही गिटारांत पुरेशी घट्ट आहे. 1993 मध्ये आलेली पार्कर फ्लाय ही गिटार अडीच किलोच्या आतली होती, तरी तिच्यावर सूर छान टिकायचा. तिच्या पातळ लाकडाला कार्बन फायबरचं कवच होतं, त्यामुळे ती हलकी असूनही ताठ होती. कामाला आला तो ताठपणा.

मिरजेचा तानपुरा समोर आणा. तो हलका ठेवतात, कारण भोपळा आणि तबली हलल्याशिवाय हवा हलत नाही आणि आवाज होत नाही. इलेक्ट्रिकमध्ये पिकअप थेट पोलादी तारेची हालचाल टिपतो. लाकडाने आवाज करावा अशी इथे गरजच नाही. म्हणून ॲम्पला न जोडता मोठ्याने वाजणारी गिटार जास्त वेळ घुमेल असं धरून चालू नका. ती तारेची ऊर्जा हवेत लवकर देऊन टाकत असेल.

टोनचं म्हणाल, तर वजनाचा परिणाम शोधण्याआधी केबल बदलून पाहा. तीन मीटरच्या जागी दहा मीटरची साधी केबल लावली की वरचा चमकदार भाग कमी झालेला लगेच ऐकू येतो. लाकडाचा फरक शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण पिकअप, त्यांची जागा, पॉट (आवाज-टोनची फिरती बटणं), केबल आणि ॲम्प यांच्यापुढे तो फार मागे राहतो, आणि नुसत्या वजनावरून तर तो ओळखताच येत नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये भर पावसात एक जण रेनकोटात गुंडाळून साडेचार किलोची गिटार घेऊन आला. म्हणे, एवढी जड असून आवाज मेलेला. तारांवरून बोट फिरवलं तर बोट काळं झालं. आठ महिने त्याच तारा, त्यात पावसाळ्यातली दमट हवा. नटमधली (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतली) जी (G) तारेची खाच मागच्या बाजूला उंच राहिली होती, त्यामुळे मोकळी तार पुढच्या कडेवर न टेकता मध्येच कुठेतरी टेकत होती. खाच हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) उतरती घासली आणि तारा नव्या घातल्या. मग पिकअप पाहिले, तर ते तारांना जवळजवळ चिकटलेले. चुंबक जवळ आला की तारेला ओढून धरतो, सूर डळमळतो आणि लवकर विझतो. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपर्यंतचं अंतर स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलवर दोन-अडीच मिमी असावं, हंबकर जरा जवळ चालतात. दीड तासात तीच गिटार घुमायला लागली. वजन होतं तेवढंच होतं.

नवी घेतलेली गिटार आतून पोकळ केलेली आहे असं नंतर कळलं. मी फसलो का? (वाशी)

नाही. लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने 1980 च्या दशकात लेस पॉलच्या बॉडीत वजन कमी करायला भोकं पाडायला सुरुवात केली आणि पुढे मोठे पोकळ कप्पेही ठेवले. ब्रिजखालचं लाकूड सलग असलं की काम झालं. गिब्सनचीच 1958 ची ईएस-335 तर दोन्ही बाजूंनी पोकळच आहे, मधे फक्त एक ठोकळा. तिच्यावर सूर टिकत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही. फार मोठ्या आवाजात वाजवताना कप्पे असलेली गिटार थोडी लवकर फीडबॅक (ॲम्पच्या आवाजाने आपोआप घुमणं) देऊ शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

दादा, माझ्या गिटारवर जी (G) तारेच्या सातव्या फ्रेटचा सूर लगेच मरतो. शेजारचे ठीक आहेत. बॉडी हलकी आहे म्हणून असेल का? (ऐरोली)

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण इथे वजनाचा खरोखर संबंध आहे, फक्त ते बॉडीचं वजन नाही.

आधी आठवा फ्रेट उंच नाही ना ते बघ. स्टीलच्या पट्टीची सरळ कड सातव्या, आठव्या आणि नवव्या फ्रेटवर एकदम टेकव. ती डगमगली तर दोष फ्रेटचा. नाही डगमगली, तर तोच सूर, म्हणजे वरचा डी, बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर वाजवून बघ. तिथे तो व्यवस्थित टिकला, तर तुला डेड स्पॉट सापडला आहे. नेक स्वतः काही ठरावीक वेगांनी कंप पावते. तू वाजवलेल्या सुराची कंपनसंख्या त्यातल्या एकाशी जुळली आणि नेक नेमकी त्याच जागी जास्त हलत असली, की तारेची ऊर्जा भराभर नेकमध्ये जाते. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि झ्विकर यांनी 1990 च्या दशकात नेकची कंपनं मोजून हे नीट दाखवलं. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या गिटारांवर जी (G) तारेचा पाचवा ते सातवा फ्रेट ही त्याची नेहमीची जागा आहे.

आता एक प्रयोग कर. सुतारकामाचा छोटा सी-क्लॅम्प घे, दोन्ही बाजूंना जाड कापड लाव आणि हेडस्टॉकला हलकेच आवळ. आता सातवा फ्रेट वाजव. बहुतेक वेळा तो सूर जिवंत होतो आणि मेलेली जागा एक-दोन फ्रेट खाली सरकते, कारण टोकाला वजन वाढलं की नेकचा कंप संथ होतो. हेडस्टॉकवरचे शंभर-दीडशे ग्रॅम जे करतात, ते बॉडीतला जादा किलो करत नाही. क्लॅम्प कायम ठेवायची गरज नाही. जड किंवा हलक्या ट्यूनिंग कीज (तारा ताणायच्या खुंट्या) लावून ती जागा तू कमी वाजवतोस अशा सुरावर ढकलता येते. ती पूर्ण जात नाही, महागड्या गिटारांतही असते.

गावच्या घराची जुनी सागवानी तुळई मिळाली आहे. तिची गिटार फार जड होईल का? (कळवा)

जड होईल, पण वाजेल. स्ट्रॅटसारख्या बॉडीत साधारण चार लिटर लाकूड असतं. नेहमीच्या अल्डर लाकडाची बॉडी पावणेदोन-दोन किलोची होते. सागाची घनता घनमीटरला साधारण 650 किलो, म्हणजे बॉडी 2.6 किलोच्या आसपास. नेक आणि बाकीचं सामान धरून गिटार चार किलोच्या घरात जाते. नको असेल तर बॉडी चार सेंटिमीटरची करा किंवा आत कप्पे ठेवा. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता पावसाळ्यात फारसं हलणार नाही, हा मोठा फायदा आहे. रंधा मारण्याआधी जुने खिळे चुंबक फिरवून शोधा. सागात सिलिका असते, पात्यांची धार लवकर जाते. लाकूड तेलकटही असतं, म्हणून सांधा चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा. भुसा नाकातोंडाला त्रास देतो, मास्क लावाच. घराची तुळई हातात घेऊन वाजवायला मिळणार, हे मला वजनाच्या हिशेबापेक्षा मोठं वाटतं.

मुलगा 14 वर्षांचा आहे. त्याची गिटार 4.6 किलोची, तासाभरात खांदा दुखतो. क्लासमध्ये सांगतात की हलक्या गिटारला दम नसतो. काय करू? (नेरूळ)

त्याच्या खांद्याचं ऐका. 14 व्या वर्षी रोज तासभर उभं राहून एवढं ओझं एका खांद्यावर घेणं योग्य नाही. आज लगेच करता येईल ते म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा आणि घरी बसून सराव. तरी दुखणं किंवा हाताला मुंग्या राहिल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

बदलायची ठरलीच तर तीन-सव्वातीन किलोची पाहा. बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा दुकानात सोबत न्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारांतही अर्ध्या किलोचा फरक निघतो. तोल मात्र तपासा. गिब्सनची 1961 पासूनची एसजी हलकी आहे, पण तिची नेक खाली झुकू पाहते आणि तिला सावरताना डावा हात थकतो. त्याच्या गळ्यात गिटार अडकवा, त्याला दोन्ही हात सोडायला सांगा आणि नेक कुठे जाते ते बघा. मग वीस मिनिटं उभ्यानेच वाजवू द्या.