ट्रायचे अध्यक्ष रेल्वेतून आले, म्हणून बिघडलं का?

जन्मभर रेल्वेत काम केलेल्या माणसाला दूरसंचारातलं काय कळणार, हा ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) अध्यक्षपदी झालेल्या अनिलकुमार लाहोटींच्या नेमणुकीवरचा तुमचा आक्षेप मला पटत नाही. ते स्थापत्य अभियंता. मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक होते, पुढे रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रायवर आले. खातं नवं हे खरं. पण ट्रायच्या १९९७च्या मूळ कायद्याला अध्यक्ष म्हणून न्यायाधीशच हवा होता, आणि २००० मध्ये प्राधिकरण नव्यानं बसवलं तेव्हा स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष आले. तांत्रिक बाजू सांभाळायला खाली माणसं असतात.

मला काळजी आहे ती नेमणूक कोण करतं आणि मुदत संपल्यावर अध्यक्षाला काय मिळू शकतं, याची. नेमणूक केंद्र सरकार करतं. पूर्वी निदान एक कुंपण होतं: या खुर्चीवरून उतरलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी नाही. मे २०१४ मध्ये माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्रांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव करायचं होतं, म्हणून अध्यादेश काढून ते कुंपण मोडलं. मिश्रांच्या कर्तबगारीविषयी मला शंका नाही. पण एका माणसासाठी केलेला बदल पुढच्या प्रत्येक अध्यक्षाला लागू झाला, आणि ज्याला पुढचं पद सरकारकडूनच मिळू शकतं तो सरकारला नको असलेली शिफारस किती ठामपणे करेल? आता २०२३च्या दूरसंचार कायद्यानं खासगी क्षेत्रातल्या अनुभवींनाही दार उघडलंय. तिथे हाच प्रश्न कंपन्यांच्या बाबतीत येतो.

तरीही माणसावर आधीच शिक्का मारू नका. आर. एस. शर्मा २०१५ मध्ये थेट केंद्राच्या सचिवपदावरून आले, तेव्हा मीही साशंक होतो. त्यांच्याच काळात, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, वेबसाइट पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला ट्रायनं बंदी घातली आणि फेसबुकची 'फ्री बेसिक्स' (ठरावीक वेबसाइट फुकट दाखवणारी सेवा) भारतात थांबली. ट्रायकडे लाखो ईमेल गेले होते, जाहिरातींचा मारा होता, तरी निर्णय कारणांसह लिहिलेला होता.

लाहोटींनाही तसंच तपासा. ट्रायच्या प्रत्येक विनियमाच्या शेवटी स्पष्टीकरणात्मक टिपण असतं, ते आधी वाचा. ग्राहकांच्या हरकती नुसत्या नोंदवल्यात की त्यांना उत्तर दिलंय, हे तिथेच दिसतं. आणि पुढचा सल्लामसलत मसुदा निघाला की मुदतीत तुमची हरकत पाठवा, चार ओळींची असली तरी.