रियासीत लिथियम सापडूनही भारत ते बाहेरून का आणतो?

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात 59 लाख टन लिथियम सापडल्याचे जाहीर झाले, तरीही बॅटऱ्यांसाठी आपण परदेशावरच विसंबून का आहोत, असा आपला प्रश्न आहे. गोंधळाचे मूळ त्या आकड्यातच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने सांगितलेले 59 लाख टन हे लिथियम धातूचे वजन नसून लिथियमयुक्त खडकाचे आहे, आणि तेही ‘जी-3’ टप्प्यावरचे, म्हणजे मोजक्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज. त्या खडकात टनामागे जेमतेम किलोभर लिथियम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीनबुशेस खाणीच्या खनिजात ते सुमारे 9 किलो भरते. या हिशोबाने रियासीचा सगळा साठा उपसला तरी हाती काही हजार टनच लागतील. (आता आपण लिथियम निर्यात करणार, असे संदेश त्या आठवड्यात मलाही डझनभर आले होते.)

शिवाय हे लिथियम बॉक्साइटशी निगडित मातकट खडकात आहे. स्पोड्युमीन या खनिजातून किंवा खाऱ्या पाण्यातून लिथियम काढण्याच्या पद्धती रुळलेल्या आहेत. मातकट खडकाबाबत तसे म्हणता येत नाही. त्यामुळे रियासीचा पट्टा लिलावात काढूनही पुरेसे बोलीदार पुढे आले नाहीत आणि लिलाव रद्द करावा लागला. छत्तीसगडमधील कटघोऱ्याचा पट्टा मात्र 2024 मध्ये लिलावात गेला.

तरीही माझ्या मते खरी अडचण खाणीपेक्षा शुद्धीकरणाची आहे. ग्रीनबुशेससारखी समृद्ध खाण स्वतःच्या भूमीत असूनही ऑस्ट्रेलियाचे बहुतांश खनिज प्रक्रियेसाठी चीनला जाते, कारण बॅटरीला लागणाऱ्या शुद्धतेचे लिथियम तयार करणारे जगातील निम्म्याहून अधिक कारखाने तिथे आहेत. ‘काबिल’ या सरकारी कंपनीने जानेवारी 2024 मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात 15,703 हेक्टरांचे पाच पट्टे मिळवले, हे चांगलेच झाले. पण तो करार शोध घेण्यापासून सुरू होतो आणि शोधातून उत्पादनापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात.

शक्तिशाली चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंत हाच अनुभव आपण घेतला आहे. केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे या धातूंचे खनिज आहे, ते वेगळे करणारी सरकारी कंपनीही आहे, पण त्यापासून चुंबक बनवणारा मोठा उद्योग आपण उभारला नाही. एप्रिल 2025 मध्ये चीनने अशा सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा वाहन उद्योगाची धावपळ उडाली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये केंद्राने वर्षाला 6,000 टन चुंबकांची क्षमता उभारण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

म्हणून रियासीची पुढची बातमी वाचताना साठ्याच्या आकड्याकडे न पाहता, सर्वेक्षण ‘जी-2’ या अधिक तपशीलवार शोधाच्या टप्प्यावर गेले आहे का आणि त्या खडकातून लिथियम परवडेल अशा खर्चात वेगळे करता आले आहे का, एवढे पाहावे.