आधी बिया बघा

घरात लहान मूल आहे आणि विषारी झाडं ओळखायचीत? एक करा, बागेत लहान मुलाच्या उंचीवर बसून बघा. फुलांकडे नंतर, आधी खाली काय पडलंय ते. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फळं मुलं खेळायला हमखास उचलतात; त्यांतली कडक बी हृदयाचे ठोके बिघडवते. लाल-गुलाबी कण्हेरही तशीच, पानापासून काडीपर्यंत विषारी, वाळली तरी. गुंजेची काळ्या ठिपक्याची लाल बी तर मण्यासारखीच दिसते. अख्खी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, चावली तर मात्र जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बीचंही तेच.

घरातल्या कुंडीत डिफेनबेकिया (ठिपकेदार पानांचं शोभेचं रोप) आहे? पान चावलं की तोंडाची आग होते, जीभ सुजते. मी तो वर टांगला, कण्हेर मात्र मुळासकट काढली.

नुसत्या चिकावरून विष ओळखायला जाऊ नका. धोत्र्याला चीक नसतो. ‘पक्षी खातात, मग चालतं’ हेही खोटं. ओळख पटत नसेल तर पान, फूल, फळ तिन्ही घेऊन रोपवाटिकेत दाखवा.

मुलानं काही चावलंच तर तोंडातलं काढा, उलटी करवू नका, आणि त्या झाडाची फांदी घेऊनच डॉक्टरांकडे पळा.