अठ्ठावीस तारखेपर्यंतचं नेपाळ

'आम्ही दोघं सांगलीहून मोटरसायकलने नेपाळला गेलो होतो. मुक्तिनाथ झालं, काठमांडूत पावसात अडकलो, परतताना मुगलिंगच्या पुढे गाडी घसरली. माझा घोटा मोडला, गाडीचं ७४ हजारांचं काम निघालं. परदेशासाठी जादा विमा घेतलेला असूनही कंपनीने दावा नाकारला. चार स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. आता काय करावं?' एका वाचक ताईंच्या लांबलचक पत्राचा हा गाभा.

नेपाळ-भूतानला गाडी नेऊन आलेल्यांची अशी पत्रं दर मोसमात येतात. त्यातल्या बहुतेकांनी जादा विमा घेतलेलाच नसतो. आपल्या नेहमीच्या पॉलिसीवर 'भौगोलिक क्षेत्र : भारत' असं छापलेलं असतं आणि भारत-नेपाळ सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता तो कागद कोरा होतो. त्यांना मी दोन ओळींत नाही म्हणून कळवतो. ताई, तुम्ही पुरवणी, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेला नेपाळपुरता जादा विमा, घेतली होती, म्हणून हे सविस्तर उत्तर.

तुम्ही पाठवलेल्या पुरवणीच्या प्रतीत मजकूर स्पष्ट आहे : १४ सप्टेंबर २०२४ ते २८ सप्टेंबर २०२४, दोन्ही दिवस धरून, भौगोलिक क्षेत्रात नेपाळचा समावेश. अपघात १ ऑक्टोबरचा. पूर, दरडी, बंद रस्ते यांवर तुम्ही दोन पानं लिहिलीत. त्यातलं काहीही मी नाकारत नाही. २६ ते २८ सप्टेंबरच्या पावसाने काठमांडू खोऱ्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, धादिंगमध्ये दरडीखाली गाड्या गाडल्या गेल्या. पण विमा करारात नसलेला शब्द दयेपोटी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. रस्ता बंद होता म्हणून मुदत आपोआप वाढली, हा मुद्दा ग्राहक आयोगापुढे पहिल्याच तारखेला पडेल. त्याच्यावर अर्ज उभा करू नका.

आता माझा वैताग. याच प्रवासासाठी भन्सार, म्हणजे नेपाळच्या कस्टमचा गाडीचा परवाना, तुम्ही २० दिवसांचा काढलात. ३ ऑक्टोबरपर्यंतचा. तिथे दिवसागणिक पैसे मोजावे लागतात, तरी पाच दिवस हाताशी ठेवलेत. आणि विम्याची पुरवणी, जिथे रक्कम ठोक असते, तिथे मोजून पंधरा दिवस! तुमच्या पावतीवर ५९० रुपये आहेत. म्हणजे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. २००२ च्या मोटर दरपत्रकापासून चालत आलेला हा ठोक आकडा आहे, मुदत बारा महिन्यांपर्यंत. तेवढ्याच पैशांत ऑक्टोबरअखेरची तारीख घालून मिळाली असती. फॉर्मवर तारखा कुणी घातल्या? एजंटने घातल्या असतील, तर सही करताना वाचल्या का नाहीत?

पण हाच ५९० चा आकडा तुमच्या बाजूने वळवता येण्यासारखा आहे. पत्राच्या सहाव्या पानावर, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिलंय : '२७ तारखेला रात्री ह्यांनी एजंटला व्हॉट्सॲप केलं होतं की अडकलोय, विमा आठवडाभर पुढे करा, आणि त्याने अंगठा पाठवला होता.' ताई, तुमचं सगळं प्रकरण या वाक्यात आहे आणि ते तुम्ही हॉटेलच्या बिलाखाली ठेवलंय.

तो मेसेज मुदत संपण्याआधीचा आहे. २७ तारखेला शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, म्हणजे सुट्टी. पुरवणी २८ च्या मध्यरात्रीपर्यंत जिवंत होती आणि जिवंत असताना मुदतवाढ मागितली गेली. कंपनी म्हणेल, विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता आधी हातात पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. त्यावर तुमचं उत्तर असं असलं पाहिजे की ठोक रकमेत दिवस वाढले तरी हप्ता वाढत नाही, मग थकलं काय? हा युक्तिवाद मी मांडीन. टिकेलच असं छातीठोकपणे सांगणार नाही, कारण कंपनी '५०० रुपये पंधरा दिवसांचेच होते' असं म्हणू शकते. तेव्हा तुमच्या पुरवणीवर हप्त्याचा दर दिवसाप्रमाणे लिहिलाय की ठोक, हे आधी पाहा.

दुसरी गाठ एजंटची. तो कंपनीने नेमलेला वैयक्तिक एजंट आहे की ब्रोकर? लोकांना हा फरक फालतू वाटतो. एजंट कंपनीचा माणूस, ब्रोकर तुमचा. ब्रोकरला सांगितलं म्हणजे स्वतःलाच सांगितल्यासारखं. एजंट असला तरी त्याच्या होकाराने कंपनी बांधली जातेच असं नाही. एजंटने हप्ता घेतला तरी आयुर्विमा महामंडळ त्याला बांधील नाही, असा हर्षद शहा प्रकरणातला १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीचे वकील पहिल्यांदा काढतील. म्हणून नुसत्या अंगठ्यावर न थांबता एजंटने तो मेसेज पुढे शाखेला पाठवला होता का, हे त्याच्याकडून लेखी काढा. शाखेच्या ईमेलवर सोमवारी ३० तारखेला जरी काही पोचलं असेल, तर पारडं बरंच फिरतं.

आणि तो फोन? 'दिवाळीत एक्सचेंजमध्ये दिला, पण माझ्या मोबाइलवर स्क्रीनशॉट आहे.' धन्य! स्क्रीनशॉट हा पुराव्याचा फोटो झाला. यजमानांच्या नव्या फोनवर जुन्या चॅटचा बॅकअप उतरलाय का ते आजच पाहा. उतरला असेल तर ती चॅट जशीच्या तशी ठेवा, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. त्यात एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला बोट घालायला फट कशाला ठेवायची?

कंपनीच्या पत्रात दुसरं कारण दिलंय, अपघात उशिरा कळवल्याचं. ते मनावर घेऊ नका. विमा प्राधिकरणाने २०११ सालीच परिपत्रक काढून खरा दावा केवळ उशीर झाला म्हणून फेटाळू नये असं बजावलंय. मोडलेल्या पायाने नेपाळातल्या भरतपूरच्या रुग्णालयात असलेल्या बाईकडून किती लवकर अपेक्षा करायची!

खरा उशीर तुमचा आहे आणि तो वेगळा आहे. नकाराचं पत्र २० नोव्हेंबर २०२४ चं. विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जायचं असतं. पुण्यात कार्यालय आहे, वकील लागत नाही, पैसा लागत नाही. ती वाट तुम्ही स्मरणपत्रं लिहिण्यात घालवली. ग्राहक आयोगाची मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं, म्हणजे नोव्हेंबर २०२६. स्मरणपत्राने मुदत वाढत नाही, चारने नाही आणि चाळीसने नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण एकदा तारखेवरून फटका खाल्लेल्या माणसाने पुन्हा माफीवर विसंबू नये. १९ तारीखही गाठू नका, या महिन्यात दाखल करा.

पॉलिसी यजमानांच्या नावे आहे, म्हणून तक्रारदार तेच. सांगलीच्या जिल्हा आयोगात चालेल, पुण्याला जायला नको. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं आणि तुमच्या हप्त्याच्या रकमेला फी नाही. मुख्य मागणीखाली पर्यायी मागणी जरूर घाला : पूर्ण नाही तर ७५ टक्के तरी द्या. अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या वापराची अट मोडलेली असताना तसं दिलं होतं. मुदतीबाहेरच्या अपघाताला ते लागू पडेल का, यावर मतभेद होतील. मागायला बिघडत नाही. निकाल कधी, हे विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत, आणि ते वाचून आम्ही वकील एकमेकांकडे बघून हसतो.

तुमच्या घोट्याचा खर्च या भांडणात मिसळू नका. मोटर पॉलिसीतला मालक-चालकाचा अपघात विमा मागे बसणाऱ्याला नसतो, आणि हाड मोडल्याला तो तसाही पैसे देत नाही. भरतपूरचं बिल बहुधा तुमच्याच खिशातून गेलं. पण प्लेट घालायची शस्त्रक्रिया सांगलीत झाली आहे. साधी आरोग्य पॉलिसी उपचार कुठे झाले ते पाहते, पाय कुठे मोडला ते सहसा नाही. त्या कंपनीकडे दावा लावला होता का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

शेवटचा कागद. नेपाळी पोलिसांच्या ज्या कागदाला तुम्ही 'मुचलका' समजून फाइलबाहेर ठेवलाय, तो जामिनाचा कागद नव्हे. तिकडे मुचुल्का म्हणजे आपला घटनास्थळाचा पंचनामा. त्यावर २०८१ असोज १५ अशी तारीख आहे, म्हणजेच १ ऑक्टोबर २०२४. लिपी देवनागरी आहे म्हणून आयोगातले लोक वाचतील असं धरू नका. प्रमाणित भाषांतर करून घ्या आणि तारखेखाली इंग्रजी तारीख लिहून घ्यायला विसरू नका.