युरोपचा कार्बन कर नक्की कोण भरतो? आमच्या नट-बोल्टच्या कारखान्याला फटका बसेल का?

पैसे भरतो तिकडचा आयातदार, पण भावात घासाघीस करून तो ते तुमच्याकडूनच काढणार, हे गृहीत धरा.

'सीबॅम' नावाचा हा नियम, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या कार्बनवर युरोपियन युनियनने लावलेला आकार, १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने लागू झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागतो. नट-बोल्ट पोलादाच्या यादीत येतात.

गंमत म्हणजे तुमच्या शेडमधल्या विजेचा हिशोब यात धरत नाहीत. धरतात तो वायर रॉड, म्हणजे तुमचा कच्चा माल, बनवताना निघालेला धूर! तोच रॉड कोळशाच्या झोतभट्टीतून आला असेल तर आकडा मोठा, भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीतून आला असेल तर बराच लहान. म्हणून रॉड देणाऱ्या मिलकडून उत्सर्जनाचा आकडा लेखी मागून घ्या. तो नसेल तर युरोप स्वतःचा ठोकताळा लावतो, आणि तो सहसा महागात पडतो.

वर्षाला एकूण ५० टनांपर्यंतच असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. मर्यादा त्याच्या एकूण आयातीवर आहे, तुमच्या एकट्याच्या मालावर नाही.

पहिल्या वर्षी बोजा किरकोळच आहे, कारण युरोपातल्या कारखान्यांना कार्बन सोडण्यासाठी मिळणारे फुकट परवाने २०३४ पर्यंत हळूहळू बंद होणार आहेत आणि कर त्याच हिशोबाने चढणार आहे. खुद्द युरोपातले यंत्र बनवणारेही कुरकुरताहेत. त्यांचं पोलाद महागणार, पण बाहेरून येणारी तयार यंत्रं मात्र सुरुवातीच्या यादीत नाहीत.